अंगुस्तानाची टकटक

रजई एकटीने शिवता येते, पण एकटीने शिवलेली रजई एका बाजूला ओढ घेते, असं आपांचं मत होतं; आणि आपांचं मत म्हणजे त्या घरात कायदा. म्हणून खालच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीत चटईवर गिऱ्हाइकाची रजई पसरली की एका टोकाला आपा बसायच्या आणि समोरच्या टोकाला त्यांची धाकटी जाऊ. मधे कापसाचा फुगवटा. दोघी आपापल्या टोकाकडून धावदोऱ्याच्या ओळी घालत पुढे सरकायच्या आणि दुपार कलायच्या सुमारास मधोमध गुडघ्याला गुडघा लागायचा. मग आपा म्हणायच्या, "आलीस का बाई एकदाची?" जसं काही धाकटीच वाटेत गप्पा मारत थांबली होती.

धाकटी आता काही धाकटी राहिली नव्हती. मुलगी शिकायला परगावी गेलेली, कानापाशी केस पांढरे व्हायला लागलेले. पण घरात तिच्याहून लहान सून आली नाही, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा बेकरीत रात्रपाळीला, सूर्य वर आल्यावर अंगाला पावाचा वास घेऊन घरी येणारा. वरच्या मजल्यावर आपा एकट्याच. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला बटण लावता येत नव्हतं. सुई कशी धरायची, काठीने कापूस सारखा कसा करायचा, बोटात अंगुस्तान कसं घालायचं आणि पहिल्या टाक्याआधी बिस्मिल्ला कसं म्हणायचं, हे सगळं आपांनी शिकवलं. अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटाच्या टोकावर घालायची पितळी टोपी. आपांचं अंगुस्तान त्यांच्या आईचं होतं, आणि ते त्या जेवतानासुद्धा काढायला विसरायच्या.

अलीकडे आपांच्या हाताला कंप सुटला होता. पेला उचलला की पाणी हिंदकळायचं आणि धावदोऱ्याची ओळ सरळ निघून मधेच वाट चुकायची. आपा त्याबद्दल बोलत नसत. धाकटीही बोलली नाही. तिने एवढंच केलं, की दुपारची नमाज पढून आपा वर जरा आडव्या झाल्या की त्यांच्या वेड्यावाकड्या ओळी उसवायच्या आणि तिथेच, त्याच दोऱ्याने, नव्या घालायच्या. आपा खाली येईपर्यंत रजई घडी करून फळीवर गेलेली असायची. कुणाला सांगितलं नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा नाही. उसवताना तिला आत कुठेतरी ऊबदार वाटायचं. आपल्या हातून एक चांगली गोष्ट होते आहे आणि ती अल्लाहशिवाय कुणाला ठाऊक नाही, ही ती ऊब होती. माणसाला एवढ्यावर समाधान मानता आलं असतं तर मग हवं होतं काय!

आता घडलेला प्रकार सांगतो. मोहल्ल्यातल्या बायकांना कुराण पठण शिकवणाऱ्या उस्तादबींनी फोनवर एक ग्रुप काढला होता. रोज प्रत्येकीने नेमून दिलेल्या आयती म्हणायच्या, आपल्या आवाजात भरून ग्रुपवर टाकायच्या, आणि उस्तादबी संध्याकाळी एकेकीचे उच्चार सुधारायच्या. आपाही त्या ग्रुपात होत्या. कानाने जरा कमी म्हणून त्या फोनचा आवाज पूर्ण चढवून ठेवायच्या, आणि कुणाचं पठण आलं की सगळ्यांत आधी त्याच ऐकायच्या.

त्या दिवशी धाकटीने दोन गोष्टी फोनमध्ये बोलून भरल्या. एक पठण. दुसरी तिच्या बहिणीसाठी. बहीण लांबच्या गावी असायची आणि रोज विचारायची, तुझी जाऊ कशी आहे, अजून तशीच हुकूम सोडते का. धाकटी त्या दिवशी खुशीत होती. खुशीत जीभ सैल सुटते. ती म्हणाली, "अगं, काय सांगू तुला! आमच्या आपांचा धावदोरा आता धावत नाही, लंगडतो. मी रोज दुपारी सगळं उसवते आणि पुन्हा शिवते. डबल काम! आणि बाईंना पत्ताच नाही बघ. उलट मलाच ऐकवतात, आलीस का बाई एकदाची!" शेवटचं वाक्य तिने हुबेहूब आपांच्या आवाजात म्हटलं, आणि मग स्वतःच इतकी हसली, की बोलणं संपलं तरी हसणं चालूच राहिलं.

पठण बहिणीला गेलं आणि हे ग्रुपवर गेलं.

बहिणीचा निरोप आला, "माशाअल्लाह, सुंदर म्हटलंस. पण आपांचं सांग की." धाकटी ते वाचत होती, तेवढ्यात जिन्यावरून, वरच्या मजल्यावरून, तिला तिचंच हसणं ऐकू आलं. मोठ्ठं, पूर्ण चढवलेल्या आवाजात. ते संपलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, कारण पहिल्यांदा आपांना नीट कळलं नसावं.

धाकटीने पटकन ग्रुप उघडला. तिने ते ग्रुपवरून पुसून टाकलं, पण बायकांचे कान काय पुसता येतात? ती तशीच जिना चढून गेली. दार उघडंच होतं. "अस्सलामु अलैकुम," ती म्हणाली. "व अलैकुम अस्सलाम," आपा म्हणाल्या. आवाज शांत होता. धाकटी घाईघाईने म्हणाली, "आपा, ते चुकून गेलं हो. बहिणीला पाठवायचं होतं."

आपांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या, "चुकून गेलं." आणि त्यांनी दार हळूच लोटलं. आदळलं असतं तर धाकटीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर आपांचा सुयांचा डबा ठेवलेला होता. आत सुया, मेण, कात्री, दोऱ्याची रिळं, सगळं जागच्या जागी. आपा खाली आल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. जिन्यात भेटल्या तर सलामाला पूर्ण जवाब देत, कारण अबोला धरणं दीनात, म्हणजे धर्मात, बसत नाही आणि आपा दीनाच्या पक्क्या. पण त्यापुढे एक अक्षर नाही. धाकटी रजईच्या एका टोकाकडून शिवायला बसायची, मधोमध यायची आणि मग उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. रजया एका बाजूला ओढ घेऊ लागल्या. आपांचं मत खरंच होतं, म्हणा.

सगळा राग धाकटीने फोनवर काढला. तो बंद केला, जुन्या खोळीत गुंडाळला आणि पेटीच्या तळाशी टाकला. बेकरीतून आलेला नवरा म्हणाला, "अगं, त्याने काय केलं? बोललीस तू."

"हे तोंडाजवळ नेलं की मला भान राहत नाही. नकोच ते. माझ्या आजीचं काय अडलं होतं फोनवाचून?"

"आजीचा नवरा रात्रपाळीला नव्हता," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

फोन नसल्याने काही दिवस मजेचेच गेले. गिऱ्हाईक दारात येऊन ओरडायचं, "अहो, फोन का लागत नाही?" आणि मग आलंच आहे तर टेकायचं. मुलीशी बोलणं नवऱ्याच्या फोनवरून, तो जागा असेल तेव्हा. पण तेवढ्यात मुलगीही नेमकं कामाचं बोलायला शिकली. वाणसामानाला स्वतः जावं लागायचं, वाटेत चार माणसं भेटायची. ग्रुपवरच्या कुजबुजीही कळत नव्हत्या, हा सगळ्यांत मोठा फायदा. पण एक मोठी अडचण झाली. पहाटेच्या नमाजेला तिला फोनचा गजर उठवायचा. मशीद लांब होती, तिथली अजान वारा इकडचा असला तरच ऐकू यायची. तिने माळ्यावरून सासऱ्यांचं गजराचं घड्याळ काढलं, पुसलं, किल्ली दिली. ते पहाटे गप्प बसलं आणि भर दुपारी, गिऱ्हाईक रजईचा रंग निवडत असताना, जीव तोडून ओरडलं.

धाकटीची पहाटेची नमाज चुकू लागली. डोळे उघडायचे तेव्हा भिंतीवर ऊन आलेलं असायचं. ती चुकलेली नमाज नंतर पढायची खरी, पण दिवसभर काहीतरी विसरून घराबाहेर पडल्यासारखं वाटत राहायचं. जाऊ गेली, आता नमाजही चालली. एका सकाळी तिला रडूच कोसळलं. डोळे पुसून ती चालत उस्तादबींच्या घरी गेली.

उस्तादबी भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं; म्हणजे त्यांनी ते आधीच ऐकलेलं होतं, ग्रुप त्यांचाच. धाकटी म्हणाली, "उस्तादबी, मी तौबा केली. फोनसुद्धा सोडला. तुम्हीही मला माफ करा."

"मी काय माफ करू? माझ्याबद्दल बोलली होतीस का? अल्लाह त्याचं तो माफ करतो, तो मोठा आहे. पण बंद्याचा, माणसाचा, हक्क मारला तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. त्यात मधे कुणी दलाल चालत नाही. आपांकडे गेली होतीस?"

"गेले होते ना. सांगितलं, चुकून गेलं म्हणून."

उस्तादबींचा हात भाजीवरच थांबला. "चुकून गेलं, की चुकून बोललीस?"

धाकटी निवडलेली भाजीच पुन्हा निवडू लागली.

"पोरी, पाठीमागे कुणाबद्दल वाईट बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, हे पठणात कितीदा म्हटलंस तू! छान म्हणतेस, उच्चारात खोट नाही. तू माफी मागितलीस ती बटणाची. बोट चुकलं, म्हणालीस. ते बोट बरोबर पडलं असतं, तर तुला वाईट वाटलं असतं का?"

हे ऐकायला धाकटी आलीच नव्हती. ती घरी येताना दोनदा रस्ता चुकली, आणि तो रस्ता तिच्या रोजच्या पायाखालचा होता. बोट बरोबर पडलं असतं, तर बहीण हसली असती, आपण हसलो असतो आणि दुपारी पुन्हा उसवायला बसून स्वतःला भली बाई समजलो असतो. फोन पेटीत टाकून काय झालं, जीभ तर आपल्याच तोंडात आहे. तिला स्वतःची भारी लाज वाटली. तरी त्या दिवशी तिची वर जायची हिंमत झाली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. खरं बोलायचं म्हटलं की जिन्याच्या पायऱ्या उंच होतात.

आणि मग एका पहाटे आवाज आला.

टक. टक. टक.

धाकटी दचकून जागी झाली. अजून अंधारच होता, पण खिडकीत तो जरासा विरळ झाला होता. न्हाणीघरातून, नळाच्या पाइपातून आवाज येत होता. तो पाइप वरच्या मजल्यावरून तिच्या न्हाणीघरात उतरायचा. तिला वाटलं, उंदीर असेल किंवा हवा कोंडली असेल. उठलोच आहोत तर म्हणून तिने हातपाय-तोंड धुऊन वजू केलं आणि नमाज वेळेवर पढली. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. तिसऱ्या पहाटे मात्र ती न्हाणीघरात जाऊन पाइपाला कान लावून उभी राहिली.

पितळ लोखंडावर वाजत होतं. टक, आणि मागून बारीकशी थरथर, टकटकटक. पुन्हा टक, आणि पुन्हा थरथर. ठोकणाऱ्याला एकच ठोका द्यायचा होता, पण हात त्याला जुमानत नव्हता.

सुयांच्या डब्यात सगळं होतं, अंगुस्तान तेवढं नव्हतं. हे धाकटीने तेव्हाच पाहिलं होतं आणि त्याकडे नीट लक्ष दिलं नव्हतं.

आपांना कसं कळलं असेल, याचाही उलगडा तिला तिथेच झाला. ती वजूसाठी नळ सोडायची तेव्हा पाइप वरपर्यंत गुरगुरायचा. ती गुरगुर बरेच दिवस बंद होती. वरची बाई रोज पहाटे उठून पाइपाला कान लावून खालच्या पाण्याचा आवाज ऐकायला थांबत होती, आणि तो येईना तेव्हा तिने बोटात आईचं अंगुस्तान चढवलं. जिने आपली टर उडवली तिची नमाज चुकू नये म्हणून!

धाकटीने नळ सोडला. पाइप गुरगुरला, टकटक थांबली. तिने नमाज पढली, दुआला हात उचलले आणि तिला काही मागता येईना. ती तशीच उठली आणि जिना चढली.

आपा जानमाजेवरच, नमाजेच्या चटईवर, बसल्या होत्या. धाकटी त्यांच्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. या वेळी तिने एकेक शब्द उच्चारून सांगितलं. "आपा, ते चुकून गेलं नाही. म्हणजे गेलं चुकून, पण बोलले मी जाणूनबुजून. तुमच्या हातावर हसले. तुमची नक्कल केली. ज्या हाताने मला सुई धरायला शिकवली त्या हातावर हसले. पाठवायचं तिथे गेलं असतं तरी ते तेवढंच वाईट होतं. मला माफ करा."

आपांनी जानमाजेचा कोपरा सरळ केला. मग म्हणाल्या, "माफ तर मी त्याच दिवशी केलं. हात कापतो, ते तर कुणालाही दिसतं. त्याचा कसला राग?"

"मग खाली का येत नाही?"

"तुला काय वाटतं, मला ठाऊक नव्हतं?"

धाकटीला कळेना. "काय?"

"की तू उसवतेस." आपांनी तिच्या हातावर आपला थरथरता हात ठेवला. "अगं, सारा जन्म टाके घातले मी. माझी ओळ वाकडी झालेली मला घालतानाच दिसते. गिऱ्हाइकाला देताना रजई उलगडली की सगळ्या ओळी सुतासारख्या सरळ. मी काय समजले असेन, रात्री फरिश्ते येऊन शिवतात? वेडी कुठली. पहिल्याच आठवड्यात कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझं काय उरलं असतं?" आपांचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "दुसऱ्याचा ऐब, दुसऱ्याचं उणं, जो झाकेल, त्याचा ऐब अल्लाह झाकेल. तू माझा झाकत होतीस. मला वाटायचं, माझ्या धाकटीच्या नावावर रोज गुपचूप काहीतरी चांगलं जमा होतंय. मला कळलंय हे तुला कळलं, तर त्यातली गंमत जाईल. म्हणून दुपारी वर येऊन झोपेचं सोंग घेऊन पडायचे. झोप कसली येतेय! तू दमशील म्हणून जरा जास्तच वेळ पडायचे. एवढं सांभाळलं गं मी तुझं. आणि तू ते सगळ्यांना वाटून टाकलंस. त्याचं वाईट वाटलं मला. माझं नाही."

धाकटीने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी रडली. आपांचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला, कापत कापत. अंगुस्तान अजून बोटातच होतं. ते अधूनमधून तिच्या डोक्याला लागत होतं आणि दोघींपैकी कुणालाही ते काढायचं सुचलं नाही.

शेवटी आपाच म्हणाल्या, "ऊठ. तुझ्या रजया एका बाजूला ओढ घेतात, वरून दिसतंय मला, उन्हात टाकतेस तेव्हा."

त्या दिवशी आपा खाली उतरल्या. टाके घालायला त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, टाके तू घाल, कापूस मी पसरते. हाताच्या कंपाने कापूस असा मोकळा होऊ लागला, की काठीची गरजच पडेना. गाठ म्हणून राहायची नाही. मधली एक ओळ मात्र त्या स्वतः शिवतात. ती वाकडी निघते, आणि कुणी उसवत नाही. गिऱ्हाइकाने विचारलंच तर धाकटी आपांच्या समोरच सांगते, ही आमच्या आपांची ओळ आहे, चालत असेल तर न्या. अजून तरी कुणी रजई परत केलेली नाही.

पठणाला दोघी चालत उस्तादबींकडे जातात. वाटेत आपा तिचे उच्चार तपासतात आणि ती त्यांना खड्डे दाखवते. फोन अजून पेटीच्या तळाशीच आहे. बहिणीला वाटतं, धाकटी फार धार्मिक झाली. नवऱ्याला वाटतं, खर्च वाचला.

पहाटेची टकटक चालू आहे. खरं तर आता तिची गरज नाही. धाकटीला सवय लागली आहे. टकटक व्हायच्या बरंच आधी तिचे डोळे आपोआप उघडतात. पण ती उठत नाही, दिवा लावत नाही, नळाला हात लावत नाही. अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहते. वर पितळ लोखंडावर वाजलं, की मग उठते आणि पाइप गुरगुरवते. आपांना वाटतं, अजूनही आपणच हिला उठवतो. किंवा वाटत नसेलही, त्या पक्क्या आहेत. पण या वेळी धाकटीने ते कुणालाही सांगितलेलं नाही.